लिंडबर्ग निवडून आले असते तर...

‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणून जर-तरचा इतिहास आपण हसण्यावारी नेतो. फिलिप रॉथ यांची ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’ (२००४) ही कादंबरी मात्र तसे करू देत नाही.

१९४०च्या निवडणुकीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी वेंडेल विल्की यांना ४४९ विरुद्ध ८२ मतांनी हरवले. ही मते राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची. रॉथ विल्कींच्या जागी विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांना उभे करतात आणि निवडून आणतात. कल्पना हवेतली नाही. अमेरिकेने युद्धात पडू नये म्हणून लिंडबर्ग खरोखरच सभा घेत होते. देशाला युद्धाकडे ढकलणाऱ्यांत ब्रिटिश आणि रूझवेल्ट सरकार यांच्याबरोबर त्यांनी ज्यूंचेही नाव घेतले, ते ११ सप्टेंबर १९४१च्या भाषणात.

न्यूअर्कमधल्या एका ज्यू कुटुंबातील सात वर्षांच्या मुलाच्या नजरेतून ही कथा उलगडते. सत्तापालट होतो, पण रस्त्यावर रणगाडे येत नाहीत. घरात सरकारी योजना येतात. थोरला भाऊ उन्हाळ्यात केंटकीतल्या शेतावर राहून येतो आणि घरच्यांनाच भित्रे ठरवू लागतो. वडिलांच्या हाती विमा कंपनीचे बदलीचे पत्र पडते. ज्यू वस्त्या पांगवण्याचा डाव ‘नवी संधी’ म्हणून पुढे केला जातो. दडपशाही अशी सभ्य कागदावर येते, हे दाखवण्यात रॉथ यांची खरी ताकद आहे.

मला खटकतो तो शेवट. १९४२मध्ये लिंडबर्ग विमानासह बेपत्ता होतात, त्यांच्यामागे नाझींचा हात असल्याची कहाणी कानावर येते, रूझवेल्ट पुन्हा निवडून येतात आणि इतिहास रुळावर येतो. जणू रोग एका माणसाबरोबर आला आणि त्याच्याबरोबरच गेला.

खरे १९४२ काय सांगते? १९ फेब्रुवारीला खुद्द रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६वर सही केली. त्याच्या जोरावर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. १९४४मध्ये कोरेमात्सू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना किनाऱ्यावरून हटवण्याचा हुकूम ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. सरकारने कायद्याने माफी मागितली ती १९८८मध्ये.

म्हणजे कादंबरीतल्या ज्यू कुटुंबाला ज्या पत्राची धास्ती वाटते, तसा हुकूम प्रत्यक्षात निघाला होता. फक्त दार दुसऱ्याचे होते आणि सही ‘योग्य’ अध्यक्षांची. निकाल वेगळा लागता तर अमेरिकेचे राजकारण बदलले असते, हे रॉथ पटवून देतात. निकाल मनासारखा लागला म्हणजे शेजारी सुरक्षित झाला, हे मात्र पटत नाही. कादंबरीच्या अखेरीस त्यांनी खऱ्या घटनांचा कालपट जोडला आहे. तो वाचताना ९०६६ हा आकडा शेजारी लिहून ठेवावा. मग कादंबरीतले ते बदलीचे पत्र अधिक जड वाटू लागते.