कुणाचे घर, कुणाची वर्षे? : ‘व्हॉयेजर’ मालिकेतील परग्रहवासी पात्रे

विज्ञानकथेकडे आपल्याकडे आजही बालवाङ्मय किंवा करमणूक म्हणूनच पाहिले जाते. समीक्षेने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही आणि दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेकडे तर नाहीच. वास्तविक ‘आपला कोण आणि परका कोण’ हा प्रश्न हा साहित्यप्रकार जितक्या उघडपणे मांडतो, तितक्या उघडपणे इतर साहित्यप्रकार क्वचितच मांडतात. परग्रहवासी हे परकेपणाचे सर्वांत ठळक रूप आहे. त्याचा चेहरा वेगळा, अन्न वेगळे, श्रद्धा वेगळी. अशा पात्राला कथेत कोणती जागा मिळते, हे तपासले की लेखकाच्या आणि त्याच्या समाजाच्या मनातील औदार्याची मर्यादाही कळते. प्रस्तुत लेखात ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन मालिकेतील परग्रहवासी पात्रांचा या दृष्टीने विचार केला आहे.

‘स्टार ट्रेक’ हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९८०च्या दशकात मूळ मालिका दूरदर्शनवर दाखविली गेली होती आणि टोकदार कानांचा स्पॉक अनेकांच्या लक्षात असेल. जीन रॉडेनबेरी यांची ही मालिका १९६६ साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. त्या वेळी वाहिनीच्या विक्री विभागाला स्पॉकच्या कानांची एवढी धास्ती वाटली की प्रसिद्धीपत्रकातील छायाचित्रात ते कान रंगवून माणसासारखे करण्यात आले. पुढे हाच स्पॉक मालिकेचा सर्वांत लोकप्रिय चेहरा ठरला, हा इतिहास आहे. परंतु परग्रहवासी हवा, मात्र त्याचे परकेपण डोळ्यांना खुपू नये, ही वृत्ती त्या एका पत्रकाबरोबर संपली नाही. ती कथानकात शिरली. ‘व्हॉयेजर’मध्ये ती फार स्पष्ट दिसते.

ही मालिका जानेवारी १९९५ ते मे २००१ अशी सात पर्वे चालली. तिचे मूळ सूत्र विलक्षण आहे. कॅप्टन जेनवेचे जहाज एका अज्ञात शक्तीमुळे आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला, सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. परतीच्या प्रवासाला सुमारे पंचाहत्तर वर्षे लागणार आहेत. परत जाण्याचे एक साधन हाताशी असते. पण ते वापरले तर ओकाम्पा नावाच्या दुबळ्या जमातीचा नाश ओढवणार असतो. जेनवे ते साधन स्वतःच्या हाताने नष्ट करते. म्हणजे परक्यांच्या रक्षणासाठी केलेल्या त्यागातून ही कथा सुरू होते. एवढा थोर आरंभ फार थोड्या मालिकांना लाभला असेल. म्हणूनच पुढे जे घडले, त्याची खंत अधिक वाटते.

जहाजावर प्रारंभी तीन पूर्ण परग्रहवासी प्रमुख पात्रे आहेत. टुव्हॉक हा व्हल्कन सुरक्षा अधिकारी. वयाची शंभरी गाठलेला, घरी पत्नी आणि चार मुले असलेला. त्याची जमात दोनशे वर्षे जगते. केस ही ओकाम्पा तरुणी. तिच्या जमातीचे सारे आयुष्यच नऊ वर्षांचे. आणि नीलिक्स हा तलॅक्झियन. वाटाड्या, स्वयंपाकी आणि सर्वांचे मनोधैर्य राखणारा. आता पंचाहत्तर वर्षांच्या प्रवासाचा अर्थ या तिघांच्या बाजूने लावून पाहा. माणसांसाठी तो जन्मठेपेसारखा आहे. टुव्हॉक मात्र त्या प्रवासानंतरही जिवंत राहील. त्याचे दुःख मरणाचे नसून मुलांची वाढ न पाहण्याचे आहे. केससाठी हा प्रवास तिच्यासारख्या आठ आयुष्यांएवढा लांब आहे. ती पृथ्वी कधीच पाहणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे. आणि नीलिक्सच्या बाबतीत तर सारेच उलटे आहे. इतर सगळे घराकडे निघाले आहेत, तो रोज घरापासून दूर जात आहे.

एकाच जहाजावर चार वेगवेगळी घड्याळे आणि दोन विरुद्ध दिशा! लेखकांच्या हाती केवढी समृद्ध सामग्री होती. तथापि मालिकेने एकच घड्याळ आणि एकच दिशा मानली, ती माणसांची. केसच्या आयुर्मानाचा खरा उपयोग ‘बिफोर अँड आफ्टर’ (१९९७) या एका भागात झाला. त्यात ती मृत्युशय्येवरून उलट्या क्रमाने आपले आयुष्य जगत जाते. म्हातारपण, मातृत्व, तारुण्य, जन्म. हा भाग पाहताना वाटते, अरे, ही स्त्री इतके दिवस आपल्यासमोर होती आणि आपण तिला पाहिलेच नाही. टुव्हॉकला १९९८च्या ‘हंटर्स’ या भागात घरून पत्र येते आणि तो आजोबा झाल्याचे कळते. हा धागा त्यानंतर फारसा पुढे नेलेला नाही.

नीलिक्सची कथा थोड्या विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. कारण दुय्यमत्व म्हणजे काय, हे तिथे नेमके कळते. त्याला काही दिलेच नाही, असे म्हणता येत नाही. ‘जेट्रेल’ (१९९५) हा भाग उघडच अणुबॉम्बवर भाष्य करणारा आहे. शत्रूने टाकलेल्या एका महासंहारक अस्त्राने नीलिक्सचे कुटुंब नष्ट झालेले असते आणि ते अस्त्र बनविणारा, आता स्वतः मरणपंथाला लागलेला शास्त्रज्ञ त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. नीलिक्सचा संताप जितका खरा, तितकीच त्याची लाजही खरी आहे. कारण युद्धात तो लढला नव्हता, लपून बसला होता. तरीही शेवटी तो त्या मरणाऱ्या माणसाला क्षमा करतो.

‘मॉर्टल कॉइल’ (१९९७) हा त्याहून धाडसी भाग आहे. नीलिक्सचा मृत्यू होतो आणि कित्येक तासांनी वैद्यकीय उपायाने त्याला परत आणले जाते. मृत्यूनंतर एका महावनात आपले मृत आप्त भेटतात, ही त्याच्या जमातीची श्रद्धा. ती त्याची जन्नत. परंतु परत आल्यावर त्याला आठवते ते केवळ शून्य. ज्या श्रद्धेच्या आधाराने त्याने कुटुंबाचा विरह सोसला, तीच ढासळते आणि तो आत्महत्येपर्यंत जातो. त्याला अडवते ती कुठलीही तात्त्विक चर्चा नव्हे. जहाजावरील एका लहान मुलीला भीती वाटत असते आणि तिला झोपवायला त्याचीच गरज असते. श्रद्धेचा प्रश्न सुटत नाही, पण जबाबदारी उरते. धर्मश्रद्धेच्या पेचप्रसंगाचे इतके प्रामाणिक चित्रण लोकप्रिय दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळते.

मग तक्रार कशाची? तक्रार पुढच्या आठवड्याची आहे. पुढच्या भागात नीलिक्स पुन्हा स्वयंपाकघरात हसतमुखाने उभा असतो आणि त्याच्या बेचव भाज्यांवरचे विनोद पुन्हा सुरू होतात. कुटुंबाच्या संहाराची आठवण १९९८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम’मध्ये एकदा येते, ही नोंद करायला हवी, पण ढासळलेल्या श्रद्धेचे पुढे काय झाले, हे मालिका विचारत नाही. ज्याच्या दुःखाची आठवण कथेला ठेवावीशी वाटत नाही ते पात्र दुय्यम, मग त्याला पडद्यावर कितीही मिनिटे मिळोत.

या उलट उदाहरण सेव्हन ऑफ नाइन या पात्राचे. चौथ्या पर्वाच्या आरंभी, सप्टेंबर १९९७ मध्ये ती आली आणि दुसऱ्याच भागात केस मालिकेबाहेर गेली. सेव्हन ही जन्माने मानव. लहानपणी बोर्ग नावाच्या यंत्रमानवी समूहाने तिला पळवून आपल्यात सामील करून घेतलेले. तिचे आगमन प्रेक्षकसंख्या वाढविण्यासाठी होते आणि तिच्या घट्ट पोषाखाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. परंतु अभिनेत्री जेरी रायन यांच्या सामर्थ्याला कमी लेखण्याचे कारण नाही आणि सेव्हनच्या यशाचे कारण केवळ पोषाख हेही नव्हे. तिची कथा माणूसपणाकडे परत येण्याची आहे. जहाज पृथ्वीकडे निघाले आहे आणि तीही त्याच दिशेने निघाली आहे. कथेचा होकायंत्राचा काटा आणि तिचा काटा एकच. म्हणून मालिका तिचे प्रत्येक पाऊल लक्षात ठेवते. नीलिक्स आणि केस यांचे काटे दुसरीकडे वळलेले होते. त्यांच्याकडे पाहायचे तर मालिकेला आपली दिशाच तपासावी लागली असती.

अर्धी क्लिंगॉन, अर्धी मानव असलेली बेलाना टॉरेस या दोन टोकांच्या मधे उभी आहे. ‘फेसेस’ (१९९५) या भागात एक शास्त्रज्ञ तिचे दोन स्वतंत्र व्यक्तींत विभाजन करतो. दोन्ही भूमिका रोक्सॅन डॉसन यांनी केल्या आहेत. क्लिंगॉन बेलाना लढता लढता मरते. मानवी बेलाना तिच्यावाचून जगू शकत नाही, म्हणून तो अंश तिच्यात परत मिसळावा लागतो. पुढे २००१च्या ‘लिनिएज’मध्ये ती गरोदर असते आणि पोटातील मुलीच्या कपाळावर क्लिंगॉन उंचवटे दिसणार हे कळताच ती तिची जनुके बदलण्याचा घाट घालते. लहानपणी वडील आपल्या स्वभावाला आणि रूपाला कंटाळून घर सोडून गेले, ही समजूत तिच्या मनात रुतून बसलेली असते. मुलीने आपल्यासारखे दिसू नये असे आईला वाटणे, यापेक्षा परकेपणाचे दारुण रूप कोणते? हा भाग मालिकेतील उत्तम भागांपैकी एक आहे. मात्र तो सातव्या पर्वात, मालिका संपायला अवघे काही महिने उरले असताना आला.

टुव्हॉकच्या वाट्याला त्याच्या नावावर असे प्रसंग तुलनेने कमी आले. टिम रस यांनी ही भूमिका अत्यंत संयमाने केली. ‘टुविक्स’ (१९९६) या भागात तो आणि नीलिक्स अपघाताने एकाच देहात मिसळतात आणि एक नवीच व्यक्ती जन्मते. जेनवे त्या नव्या जिवाच्या विनवण्या न ऐकता त्याला पुन्हा दोघांत विभागते. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर प्रेक्षकांत आजही वाद झडतात. पण त्या वादातही केंद्रस्थानी असते जेनवेची सदसद्विवेकबुद्धी. परत आलेल्या त्या दोघांना या अनुभवाबद्दल काय वाटले, हे मालिकेने विचारलेच नाही.

असे का झाले, याची व्यावहारिक कारणे आहेत. रबरी मुखवट्याचा मेकअप चढवायला वेळ आणि पैसा लागतो. जाड थराखालून चेहऱ्याचे भाव पोहोचविणे नटाला अवघड जाते. १९७३च्या ‘स्टार ट्रेक’ ॲनिमेशन मालिकेत तीन हातांचा एरेक्स सहज येऊ शकला, कारण तो फक्त रेखाटायचा होता. शिवाय प्रत्येक भाग स्वतंत्र असावा, हा त्या काळचा व्यावसायिक दंडक होता.

परंतु ही कारणे पुरेशी नाहीत. त्याच संस्थेची, त्याच वर्षांतील ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) ही मालिका पाहा. तिच्यातील नॉग हा फेरेंगी तरुण म्हणजे तिसऱ्या फळीतले पात्र. फेरेंगी जमात १९८७ साली प्रथम आली ती लोभी खलनायकांचे व्यंगचित्र म्हणून आणि त्यात ज्यूंच्या विकृत चित्रणाचे पडसाद असल्याची टीकाही झाली. त्याच जमातीचा हा मुलगा १९९८ मध्ये युद्धात पाय गमावतो आणि काही आठवड्यांनी ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’ हा अख्खा भाग त्याच्या खचलेल्या मनाला दिला जातो. मेकअप तेवढाच जाड होता. फरक एवढाच की इथे कथेने जखम लक्षात ठेवली.

या मालिकेतील डॉक्टर ज्युलियन बशीर या पात्राचाही येथे उल्लेख करावा लागेल. ‘बशीर’ म्हणजे शुभवार्ता आणणारा. भूमिका करणारे अलेक्झांडर सिद्दिग यांचा जन्म सुदानमधला. पात्र मानव आहे आणि प्रमुखही आहे. त्याचे आईवडील ‘डॉक्टर बशीर, आय प्रिझ्यूम’ (१९९७) या भागात येतात आणि कळते की लहानपणी मुलगा मंद वाटला म्हणून त्यांनी बेकायदा त्याची जनुके बदलून घेतली होती. बेलानाला जे करावेसे वाटले, ते इथे झालेले आहे. परंतु बशीर या नावामागची भाषा, श्रद्धा, घर यांची मालिकेत चाहूल लागत नाही. ‘व्हॉयेजर’मधील मूळनिवासी अमेरिकन चाकोटेसारखे अपवाद वगळता या भविष्यकाळातील माणसे बहुतांशी एकसारखी झालेली आहेत. प्रार्थना, आहारनियम, अंत्यविधी, पूर्वजांची याद हे सारे वेगळेपण परग्रहवासीयांकडे सोपविले आहे. त्यामुळे आपल्यासारख्या वाचकाला बशीरपेक्षा महावनाची आठवण काढून रडणारा नीलिक्स जवळचा वाटला, तर त्यात नवल नाही. म्हणूनच परग्रहवासी पात्र बाजूला पडते, तेव्हा ते वेगळेपणही बाजूला पडते.

मे २००१ मध्ये, मालिका संपण्याच्या अगदी तोंडाशी, ‘होमस्टेड’ या भागात नीलिक्स जहाज सोडतो. एका लघुग्रहावर त्याला आपल्या लोकांची वस्ती सापडते आणि तो तिथे राहतो. निरोपाच्या वेळी, कधीही न नाचणारा टुव्हॉक त्याच्यासाठी पावलाने एक छोटासा ठेका धरतो. शेवटच्या ‘एण्डगेम’मध्ये टुव्हॉकच्या एका आजाराचे कळते, त्यावरचा इलाज फक्त त्याच्या कुटुंबीयांकडे असतो आणि लवकर घरी पोहोचण्याची गरज त्यालाही होती हे स्पष्ट होते. हे दोन्ही प्रसंग हृद्य आहेत. पण त्यांतून एक कबुलीही दिसते. नीलिक्सचे घर दुसरीकडे होते आणि टुव्हॉकचे घड्याळही चालू होते, हे मालिकेला अखेरच्या काही भागांत आठवले.

कोणत्याही कथेत ‘इतर’ पात्रे किती आहेत, याची मोजदाद आपण नेहमी करतो. तीही करावी. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये. जहाजावर जागा देणे हे औदार्य झाले. जहाज कुणाच्या घराकडे निघाले आहे आणि प्रवासाची वर्षे कुणाच्या आयुष्याने मोजली जात आहेत, हे विचारल्यावर न्यायाचा प्रश्न सुरू होतो. ‘व्हॉयेजर’ने पहिली गोष्ट मनापासून केली. दुसरीपाशी ती वारंवार आली आणि दर वेळी पुढच्या आठवड्यात विसरून गेली.