‘कन्यादान’वरील आरोप : काही प्रश्न

विजय तेंडुलकर यांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकावर दलितविरोधी असल्याचा आरोप झाला आणि त्याच नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मान त्यांना लाभला. याच कृतीपायी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, याचे स्मरण तेंडुलकरांनी सन्मान स्वीकारताना करून दिले. परंतु चप्पल आणि सन्मान या दोहोंनीही संहितेविषयीचा मूळ प्रश्न सुटत नाही.

लेखकाच्या बाजूने पहिला साक्षीदार म्हणून बहुधा ‘गोलपिठा’ उभा केला जातो. नामदेव ढसाळ यांच्या या संग्रहाला प्रस्तावना लिहिणारा लेखक जातीयवादी कसा असेल? शिवाय ‘घाशीराम कोतवाल’मुळे (१९७२) तो ब्राह्मणद्वेष्टाही ठरलाच होता. हा युक्तिवाद व्यक्तीपुरता ग्राह्य मानता येईल. मात्र लेखकाची सहानुभूती हा चरित्राचा विषय आहे. ती नाट्यरचनेत आपोआप उतरते, असे नव्हे. उलटपक्षी, रचनेत दोष आढळला म्हणून लेखकाच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकारही समीक्षेला मिळत नाही. आरोप करणारे आणि बचाव करणारे, दोघेही ही गल्लत करतात.

दुसरा बचाव अधिक वाङ्मयीन आहे : अरुण आठवले ही एक व्यक्ती आहे, दलितांचा प्रतिनिधी नव्हे. पण नाटकच हे मानू देत नाही. समाजवादी नाथ देवळालीकरांच्या कुटुंबात पत्नी सेवा, मुलगी ज्योती, मुलगा जयप्रकाश. जेथे नावेसुद्धा एका विचारपरंपरेची वंशावळ सांगतात, तेथे जावई तेवढा निव्वळ व्यक्ती राहू शकत नाही. नाथांना या विवाहात जातिनिर्मूलनाचा प्रयोग दिसतो, आणि प्रयोगाचा निष्कर्ष एका व्यक्तीपुरता नसतोच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नेपथ्याची. नाटक देवळालीकरांच्या दिवाणखान्यातून बाहेर पडत नाही. अरुणचे घर, त्याची माणसे रंगमंचावर येत नाहीत. येते ती त्यांची वार्ता. पहिल्याच भेटीत तो ज्योतीचा हात पिरगाळतो. पुढची मारहाण कळते ती माहेरी परतलेल्या मुलीच्या अवस्थेतून. प्रेक्षक अखेरपर्यंत मुलीच्या आईबापांच्या खुर्चीतच बसलेला असतो. आरोपाला खरा आधार मिळतो तो येथे. अरुणच्या तोंडच्या एखाद्या उद्गारात तो शोधणे व्यर्थ आहे, कारण पात्राची भाषा ही नाटकाची भूमिका नसते.

दलित पुरुषाच्या हातून होणारा स्त्रीचा छळ हा विषयच निषिद्ध होता काय? तसे म्हणता येणार नाही. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) आपल्याच समाजातील स्त्रियांचा मार आणि अपमान निःसंकोचपणे नोंदवला आहे. तेथे ते दुःख सोसणाऱ्या बाईच्या जीवनक्रमात आणि तिला जखडणाऱ्या व्यवस्थेत रुजलेले आहे. ‘कन्यादान’मध्ये तेच वास्तव एका उदारमतवादी पित्याच्या भ्रमनिरासाचा पुरावा म्हणून कामी येते. फरक विषयाचा नाही, विनियोगाचा आहे.

तरीही आरोप संपूर्ण मान्य करता येत नाही. नाटकाचा सर्वांत कठोर प्रकाश अरुणवर नाही, नाथांवर आहे. मनातून विटलेला हा माणूस जावयाच्या आत्मकथनावर जाहीर स्तुतीचे भाषण करून येतो, आणि ज्योती त्याची फसवणूक त्याच्याच पदरात घालते. सवर्ण सुधारकाची इतकी निर्दय तपासणी मराठी रंगभूमीवर क्वचितच झाली असेल. प्रश्न उरतो तो किमतीचा. ही तपासणी अरुणला अंतर्जीवन नाकारून केली गेली आहे.

शेवटी ज्योती माहेरचे नाव टाकते, ‘हरिजन’ हा शब्दही झिडकारते, आणि स्वतःला अस्पृश्यतेच्या जुन्या परिभाषेत ओळखते. पित्याला दुखवायला ही परिभाषा पुरेशी आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतली, ती नेमकी ही ओळख टाकून देण्यासाठी. नागपूरच्या वाचकाला येथे थबकावेच लागते. ज्योतीचा हा स्वीकार कितीही प्रामाणिक असला, तरी ती ज्या समाजात जाऊ पाहते, त्याने ते नाव सत्तावीस वर्षांपूर्वीच मागे टाकले होते. दिवाणखान्यापर्यंत ही वार्ता पोहोचलेली दिसत नाही.