पाखंड कशास म्हणावे? : रमाबाई–जेराल्डीन पत्रव्यवहाराच्या निमित्ताने

‘पाखंड’ हा शब्द आज निंदावाचक असला, तरी अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ संप्रदाय. ग्रीक ‘हैरेसिस’चीही गत तीच. ‘निवड’ हा त्याचा मूळ अर्थ. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात तो सदूकी पंथास लावलेला आढळतो, आणि ख्रिस्ती मंडळीत पुढे त्याला ‘भ्रष्ट शिकवण’ हा अर्थ चिकटला. तेव्हा एखाद्या मतास हा शब्द लावताना आपण त्या मताची परीक्षा करतो की त्याच्या केवळ वेगळेपणाची, हे पाहणे अगत्याचे ठरते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) व सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. पुढे चेल्टनहॅम येथे शिकत असता त्यांनी त्रैक्याचा सिद्धान्त व येशूचा अलौकिक जन्म यांविषयी शंका उपस्थित केल्या. ह्या शंका मंडळीच्या श्रद्धेच्या मुळाशी जाणाऱ्या होत्या. म्हणून जेराल्डीनबाईंची चिंता अनाठायी म्हणता येत नाही. दोष आहे तो परीक्षेच्या रीतीत. रमाबाई शास्त्राधार विचारतात. उत्तरात मंडळीचा अधिकार पुढे केला जातो व विचारणाऱ्या व्यक्तीच्या ठायी अहंकार दाखविला जातो. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नकोत, हा तर निव्वळ भाषेचा प्रश्न; पण तोही सिद्धान्ताच्या वादात ओढला जातो. डोरोथिया बील यांनी मात्र शंकेस युक्तिवादाने उत्तर देण्याचा मार्ग धरला. ही पत्रे १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. परंतु मूळ संग्रह जेराल्डीनबाईंनीच केलेला आहे. संग्राहक हा वादातील एक पक्ष आहे, हे वाचकाने विसरू नये.

तथापि रमाबाईंची कसोटीही निर्दोष नाही. व्यक्तीची विवेकबुद्धी चुकू शकते; खोटा शिक्षकदेखील आपल्या विवेकाचीच साक्ष काढतो. ह्या उणिवेचे उत्तर पत्रांत सापडत नाही. ते केडगावी सापडते. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबल सामान्य स्त्रियांस कळेल अशा मराठीत आणले. ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रकाशित झाले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्दांबरोबर दर्शनांतील कल्पनाही मजकुरात शिरतात, अशी त्यांची हरकत होती. ती पूर्णतः मान्य करणे कठीण आहे. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटले, म्हणून त्यांची शिकवण वैष्णव झाली नाही. शब्दाचा अर्थ अखेर संदर्भ ठरवितो; केवळ शब्द सोवळा राखल्याने शिकवण शुद्ध राहत नाही.

परंतु रमाबाईंच्या उद्योगाचे मर्म शब्दशुद्धीच्या पलीकडे आहे. बिरुया येथील श्रोत्यांनी खुद्द पौलाची शिकवण शास्त्राशी ताडून पाहिली, आणि त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली. असे ताडून पाहण्यास ग्रंथ श्रोत्याच्या हाती व त्याच्या भाषेत असावा लागतो. नवी मुंबईसारख्या बहुभाषिक नगरात पुष्कळांना उपदेश दुसऱ्याच्या भाषेत ऐकावा लागतो. तेथे ही गरज अधिकच तीव्र होते. जो उपदेशक श्रोत्याच्या ‘हे कोठे लिहिले आहे?’ ह्या प्रश्नास उद्धटपणा मानतो, त्याची शिकवण प्रथम तपासावी. आणि जी मंडळी प्रश्नकर्त्यासच पाखंडी ठरविते, ती खोट्या शिकवणीविरुद्धचे आपले एकमेव शस्त्र आपल्याच हाताने टाकून देते.