स्नेहसंमेलनातील 'सर्वांचे' गाणे

शाळेच्या स्नेहसंमेलनावर समीक्षा लिहावयाची असते काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कादंबरीवर लिहावे, कवितासंग्रहावर लिहावे. आठवीतल्या मुलांच्या समूहगीतावर काय लिहावयाचे? परंतु आपल्यातील बहुतेक माणसे आयुष्यात रंगमंचावर चढलीच तर शाळेत चढतात. संगीत कशाला म्हणावयाचे आणि गोंगाट कशाला, हा निवाडा त्यांच्या कानावर प्रथम तिथेच पडतो. म्हणून या रंगमंचाची चिकित्सा झाली पाहिजे.

नागपूरच्या धरमपेठेतील एका शाळेचे संमेलन मी पालक म्हणून पाहिले. शाळेचे नाव सांगत नाही; प्रश्न एका शाळेचा नाही. सरस्वतीपूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, भूप रागातील बंदिश, शिक्षकांची नाट्यपदे, शेतकरी नृत्य, कोळीनृत्य आणि शेवटी सर्वांनी उभे राहून म्हटलेले राज्यगीत, असा क्रम होता. मुलींनी भूप सुरेल गायिला. संगीत शिकविणाऱ्या बाईंचे कष्ट त्यात दिसत होते. हे आधी सांगितले पाहिजे, कारण रागसंगीत म्हटले की नाक मुरडण्याची जी सवय आपल्याकडे काहींना लागली आहे ती मला मान्य नाही. भूप कुणाच्या वतनाचा नाही. आमच्या मुलांनी तोही शिकावा.

माझा आक्षेप पडदा उघडण्यापूर्वीच्या निवडीवर आहे. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांमधून आलेला, पांढराबोडीत राहणारा माझ्या मुलीच्या वर्गातील एक मुलगा निवड चाचणीत भीमगीत गायिला. त्याला सांगण्यात आले, "आवाज चांगला आहे; पण सर्वांचे एखादे गाणे घे." त्याने दुसरे गाणे घेतले नाही. तो संमेलनात प्रेक्षकांत बसला होता.

'सर्वांचे' या शब्दाची तपासणी करावयास हवी. ईशस्तवन सर्वांचे आहे, हे गृहीतच धरलेले असते. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य शाळेतील उपासनेत भाग घेण्याची सक्ती मुलावर पालकांच्या संमतीवाचून करता येत नाही. पण संमती मागण्याइतके ते कुणाला धार्मिक वाटतच नाही! आणि ज्याने ही घटना लिहिण्यात मोठा वाटा उचलला त्याच्यावरचे गाणे मात्र एका जातीचे ठरते. कोळीगीत रंगमंचावर चालते. शाहीर विठ्ठल उमप कोळीगीते गात आणि भीमगीतेही गात. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये दीक्षाभूमीच्या मंचावरच ते कोसळले. ती दीक्षाभूमी धरमपेठेपासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर आहे. गळा एकच असताना एक गाणे लोकसंस्कृती होते आणि दुसरे 'विशिष्ट समाजाचे' होते. हा भेद संगीतशास्त्रातील नाही.

शुद्धतेचा निकष किती लवचीक असतो, हे पाहावयाचे तर रंगमंचावरच्या पेटीकडे पाहावे. हार्मोनियम युरोपातून आली. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, म्हणून १९४० मध्ये रेडिओने तिला बंदी केली. साथीसाठी ती परतली १९७१ मध्ये. या एकतीस वर्षांना कुणी पेटीचा 'बहिष्कार' म्हणतात. मला तो शब्द तिथे वापरताना संकोच वाटतो, कारण पेटीची बाजू मांडणारे बैठकीतच बसलेले होते. ज्यांच्या बाजूने दिवाणखान्यात कुणी बोलत नाही, त्या डफाचे आणि ढोलकीचे काय?

शेतकरी नृत्याला ढोलकी शाळेच्या शिपायाने वाजविली, आणि ती पडद्यामागून. कार्यक्रमपत्रिकेत पेटीवादकाचे नाव होते, तबलावादकाचे होते; त्याचे नव्हते. शिक्षकवृंदाच्या गायनातही त्याला स्थान नव्हते, कारण तो 'वृंदा'त मोडत नाही. टी. एम. कृष्णा यांनी 'सबॅस्टियन अँड सन्स' या २०२० च्या पुस्तकात मृदंगम् घडविणाऱ्या कारागिरांचा शोध घेतला आहे. चामडे कमावणारे हात दलितांचे आणि सभागृहातील टाळ्या दुसऱ्यांच्या, हे चित्र तमिळनाडूपुरते नाही. आमच्याकडे तर वाजविणाराही पडद्यामागे जातो. ज्या राज्यगीतासाठी सारे सभागृह उभे राहिले, ते नागपूरच्या राजा बढे यांनी लिहिले आणि शाहीर साबळे यांच्या आवाजाने घरोघरी नेले. २०२३ मध्ये शासनाने शिक्का मारला आणि शाहिरी आवाज शिस्तबद्ध ठरला.

आता थोडे आपल्या अंगणात. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्याचा आशय पालटला होता. भीमराव कर्डकांच्या पिढीजवळ ध्वनिक्षेपकही सर्वत्र नव्हता. गळा आणि शब्द यांवर त्यांना उभे राहावे लागले. आज जयंतीच्या मिरवणुकीत शब्द ऐकूच येत नाहीत. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. त्यांतील दहा तरी मुलांच्या समूहगायनासाठी, स्वरलिपीसह बांधून, आपण शाळांच्या हाती दिली काय? संगीतशिक्षिकेने भीमगीत मागितले तर तिला काय द्यावयाचे, याचे उत्तर आपल्या मंडळांजवळ तयार असले पाहिजे. जयंतीच्या वर्गणीचा एक हिस्सा या कामाला लावावा.

आम्ही काही पालकांनी मुख्याध्यापकांना पत्र दिले. निवड समितीत पालकांचा प्रतिनिधी असावा, नाकारलेल्या गाण्याचे कारण लेखी द्यावे आणि वाजविणाऱ्या प्रत्येकाचे नाव पत्रिकेत छापावे, अशा तीन मागण्या होत्या. तिसरी मान्य झाली. पहिल्या दोन 'विचाराधीन' आहेत.