कानटोपीचे भोक

टीकाकाराला घरी फराळाला बोलावताना लोक दहादा विचार करतात; बक्षिसे वाटायची असली म्हणजे मात्र त्याची आठवण सर्वांना हटकून होते. परभणीच्या एका महिला मंडळाने विणकामाचे प्रदर्शन भरवले तेव्हा परीक्षक म्हणून मला असेच पाचारण झाले. कथा-कवितांचे गुणदोष सांगण्यात माझी हयात गेली. सुलट टाका कोणता आणि उलट कोणता, हेही मला धड ठाऊक नव्हते. पण आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही असे कबूल करणे टीकाकाराच्या धर्मात बसत नाही. आठ दिवस थोरल्या बहिणीजवळ बसून शिकवणी घेतली आणि गेलो.

परभणीत लोकरीचे प्रदर्शन म्हटल्यावर पुण्यामुंबईच्या वाचकांना हसू येईल. उन्हाळ्यात इथला पारा 42 अंशांच्या पुढे जातो हे खरे. परंतु याच गावी पौषात तो कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो, आणि मग सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात. शिवाय मुलूख कापसाचा. सुयांवर विणलेल्या ज्या अतिप्राचीन वस्तू आज पाहायला मिळतात त्यांत इजिप्तमधले मोजे आहेत, आणि ते लोकरीचे नव्हेत, कापसाच्या सुताचे आहेत. तेव्हा विणकामावर आमचा हक्क थंड मुलखाइतकाच जुना आहे असे समजायला हरकत नाही.

टेबलांवर काय नव्हते! बाळंतविड्यातली कुंची, टोपडी, पायमोजे, रुखवतासाठी ताटावरचे रुमाल आणि दाराची तोरणे, नमाजाच्या जाळीच्या टोप्या, मोबाईलच्या पिशव्या, पाण्याच्या बाटलीला सुद्धा झगा! या शेवटच्या प्रकाराबद्दल माझे मत बरे नाही. आमच्या घरी एक जाळीचा रुमाल होता. तो प्रथम रेडिओवर होता, मग टीव्हीवर चढला आणि टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटल्यावर बेघर झाला. ज्या वस्तूला काही कामच नाही तिच्यावर केलेले काम कितीही सुबक असले तरी ते विशेषणांनी लादलेल्या वाक्यासारखे वाटते.

बहिणीने मला दोन कसोट्या दिल्या होत्या. पहिली क्रोशाची. गोल रुमाल टेबलावर टाकून पाहायचा. पहिल्या फेरीत 12 खांब घेतले असतील तर दुसरीत 24, तिसरीत 36, असे दर फेरीला 12 वाढले तरच तो सपाट बसतो. वाढ कमी झाली तर रुमालाची वाटी होते. जास्त झाली तर कडेला चुण्या पडतात. दुसरी कसोटी सुयांवरच्या कामाची. मनगट, गळा, टोपीची कड ही दोन सुलट, दोन उलट अशीच हवी. कारण सुलट टाका वर उठतो, उलट खाली दबतो, आणि त्या चढउतारातून वीण ताणली जाते व पुन्हा जागेवर येते. नुसत्या सुलट बाजूची कड गुंडाळत जाते. मी आयुष्यभर छंदाची चर्चा केली, पण एखाद्या नियमाचे कारण इतके स्वच्छ क्वचितच कोणी मला सांगितले असेल!

या कसोट्या घेऊन मी पहिले बक्षीस एका दाराच्या पडद्याला दिले. क्रोशाच्या भरल्या आणि रिकाम्या घरांतून दोन मोर काढलेले, समोरासमोर, एक पिसाचाही फरक नाही. ते बक्षीस चुकले असे मी आजही म्हणणार नाही. इतकी घरे मोजताना एकदाही न चुकणे ही साधी गोष्ट नव्हे. मात्र मोर चौकटीच्या कागदावरून उतरवलेले होते. त्या पडद्यात विणणारणीचा हात होता, ती स्वतः कुठे दिसत नव्हती.

चूक झाली ती पुढच्या टेबलाशी. तिथे एक करडी कानटोपी होती. वीण एकसारखी, कड बरोबर, पण डाव्या कानाशी रुपयाएवढे भोक. मी वहीत टिपले, “टाका गळलेला, निष्काळजीपणा.” मग भाषणात, भगिनींनी फावल्या वेळात केवढी सुंदर कला जोपासली आहे वगैरे बोललो. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक बाई ती टोपी हातात घेऊन माझ्यापाशी आल्या.

“सर, हे भोक नाही हो, खिडकी आहे. आमच्या मामंजींच्या कानात ऐकायचं यंत्र असतं. वरून टोपी दाबली की ते शिट्टी मारतंय. मग ते यंत्र काढून ठेवतात, अन् आम्ही सगळे दिवसभर ओरडत बसतो.”

मी टोपी पुन्हा पाहिली. भोकाच्या भोवती सगळीकडून बारीक कड विणलेली होती, तीही दोन सुलट, दोन उलट. टाका गळला असता तर वीण शिडीसारखी उसवत खाली गेली असती. एवढे तरी बहिणीच्या शिकवणीवरून मला कळायला हवे होते. ग्रंथ न वाचता परीक्षण लिहिणाऱ्यांवर मी पुष्कळ तोंडसुख घेतलेले आहे. त्या दिवशी मी कान न पाहता टोपीचे परीक्षण केले.

दुसरी चूक भाषणातली, आणि ती मला अधिक सलते: “फावला वेळ.” परभणीच्या दक्षिणेला गंगाखेड, जनाबाईचे गाव. जात्यावर बसले की ओवी आठवते असे आपण म्हणतो. दळताना हात फिरतात आणि तोंड मोकळे असते, म्हणून दळणाने मराठीला एवढे काव्य दिले. विणकामाची ओवी मी तरी ऐकलेली नाही. याचे कारण माझ्या मते हेच, की विणताना तोंड मोकळे नसते. ते मोजत असते. जे काम स्वतःविषयी गात नाही ते बघणाऱ्याला विश्रांती वाटते.

गंगाखेडवरून वाहणारी हीच गोदावरी आंध्रात समुद्राला मिळण्यापूर्वी नरसापूरला पोचते. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशा शिकवला, आणि पुढे त्याचा मोठा व्यापार झाला. 2024 साली त्या जाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या विणणारणींवर लिहिलेला ग्रंथ 1982 साली प्रसिद्ध झाला. घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास त्या विणत. माल परदेशी जाई. व्यापारी श्रीमंत होत. आणि त्या मात्र घरी रिकाम्या बसलेल्या गृहिणीच समजल्या जात. म्हणजे मी टाळ्या मिळवलेला शब्दच तिथे मजुरी कमी द्यायला उपयोगी पडत होता. सुयांवरचे विणकाम करणारे यंत्र विल्यम ली याने इंग्लंडात 1589 सालीच बनवले. खऱ्या क्रोशाचे यंत्र अजून बाजारात नाही. म्हणून दुकानात क्रोशाची वस्तू स्वस्त मिळाली की ती कोणाच्या तरी हातांना स्वस्त पडलेली नसते, हे ओळखावे.

भेट म्हणून विणलेल्या वस्तूला मजुरी द्यावी असे मी सुचवीत नाही. मामंजी सुनेला टोपीचे पैसे देऊ लागले तर घरात निराळाच तंटा उभा राहील. पण या दिवाळीला भाऊबिजेच्या ताटात कोणी हाताने विणलेला मफलर ठेवला, तर तो दिव्याशी नेऊन त्याची कड तरी पाहावी.

त्या बाईंना मी विचारले, “किती तास लागले हो याला?”

“तास कोण मोजतंय, सर? टाके विचारा. 112.”

मी वहीतली ओळ खोडली. बक्षिसे तोवर वाटून झाली होती, आणि बाईंना टोपी घेऊन लवकर घरी जायचे होते. मामंजी संध्याकाळी फिरायला निघतात.