आजाराचे पंचांग

गंभीर आजार माणसाचे शरीर खंगवतो, त्याचबरोबर त्याची काळाची जाणही पालटून टाकतो. या पालटाचा सूक्ष्म वेध घेणारी कलाकृती म्हणून टॉमस मान या जर्मन लेखकाच्या ‘द मॅजिक माउंटन’ या कादंबरीचा विचार करावासा वाटतो. १९१२ साली मान यांच्या पत्नी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील आरोग्यधामात उपचार घेत होत्या. त्यांच्या भेटीस गेलेले मान काही आठवडे तेथे राहिले. त्या अनुभवातून उपजलेली ही कादंबरी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

हान्स कास्टॉर्प हा तरुण अभियंता आपल्या नात्यातील क्षयरोगी भावाला, योआखिमला, भेटण्यासाठी तीन आठवड्यांपुरता दाव्होसला येतो आणि सात वर्षे तेथेच राहतो. कादंबरीची रचनाच काळाचे हे रहस्य उलगडते. पहिली चार प्रकरणे मुख्यतः त्या तीन आठवड्यांत गुंतलेली आहेत. पुढे मात्र महिने आणि वर्षे भराभर सरतात. तोंडात तापमापक धरून सात मिनिटे निश्चल बसणे हान्सला प्रदीर्घ वाटते. वर्ष कधी सरले हे मात्र उमगत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यापुढे रोज तेच सूप येते आणि आजचा दिवस कालच्या दिवसात मिसळून जातो. शेवटी हान्सचे घड्याळ पडून बिघडते; ते दुरुस्त करून घेण्याचीही त्याला गरज भासत नाही.

वरवर पाहता हान्स काळाच्या पाशातून मुक्त झाला आहे. आम्हांस मात्र ही मुक्ती फसवी वाटते. संत ऑगस्टीन यांनी ‘कबुलीजबाबा’च्या अकराव्या खंडात काळाचे मूळ मनात शोधले आहे: भूतकाळ म्हणजे स्मरण, वर्तमान म्हणजे अवधान आणि भविष्य म्हणजे प्रतीक्षा. या कसोटीस लावून पाहिले असता हान्सची प्रतीक्षा संपलेली आहे. ज्याला कशाचीच वाट पाहायची नाही, त्याचा काळ अनंत होत नाही. तो केवळ साचून राहतो. याउलट योआखिम दिवस मोजतो, कारण सैन्यात रुजू होण्याचा त्याला ध्यास आहे. तो हट्टाने पर्वत उतरतो, पुन्हा आजारी होऊन परततो आणि मरतो. तरीही त्याचे अल्प आयुष्य आम्हांस अधिक भरीव वाटते.

या कादंबरीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. येथील रोगी सुखवस्तू आहेत. दिवसातून पाच वेळा त्यांच्यासाठी मेज सजते; पोटाची चिंता जवळजवळ कोणालाच नाही. आज आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडल्या जाणाऱ्या रोग्याचा काळ असा विरघळत नाही. त्याचे तुकडे होतात. बुडालेली मजुरी, गाडीभाडे, सोबत येणाऱ्या मुलाची हुकलेली शाळा, या सर्वांचा हिशेब त्या तुकड्यांना चिकटलेला असतो. मान यांच्या पर्वतावर हा हिशेब सहसा पोचत नाही.

तथापि कादंबरीत एक प्रसंगमालिका अशी आहे, जिच्यासाठी आम्ही हा ग्रंथ पुनःपुन्हा उघडतो. मरणोन्मुख रोग्यांना दृष्टीआड ठेवण्याचा त्या आरोग्यधामाचा रिवाज आहे. हान्स तो मोडतो. योआखिमला बरोबर घेऊन, हाती फुले घेऊन तो त्यांच्या खोल्यांत जाऊ लागतो. खाली गावात राहणाऱ्या कारेन या मरणासन्न तरुणीला ते दोघे फिरायला नेतात. हान्सच्या हेतूत कुतूहल आणि थोडी आत्मतुष्टीही मिसळलेली आहे. मान ते लपवीत नाहीत. पण त्या खोल्यांतील माणसांना कोणीतरी येणार आहे एवढी प्रतीक्षा लाभते, आणि त्यांच्या एकसारख्या दिवसांत एक दिवस वेगळा उगवतो. टीकाकारांनी या कादंबरीतील काळाविषयीच्या तात्त्विक चर्चांचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. आमच्या मते त्या चर्चांचे उत्तर या भेटींत आहे.

आजाऱ्याला भेटताना आपण सारेच ‘लवकर बरे व्हाल’ असे म्हणतो. ज्याची हमी आपल्यापाशी नाही, असा भविष्यकाळ आपण त्याच्या उशाशी ठेवून येतो. त्यापेक्षा ‘गुरुवारी पाच वाजता येतो’ असे सांगावे आणि गुरुवारी पाच वाजता खरोखरच जावे.