अनुभवाचे ज्ञान आणि परीक्षेचे व्याकरण

सिस्को कंपनीच्या 'सीसीएनए' या संगणकजालविषयक प्रमाणपत्र-परीक्षेस वर्षानुवर्षे जाळी सांभाळलेले व्यावसायिकही बसतात, आणि अभ्यासास लागताच पुष्कळदा अडखळतात. यास अज्ञान म्हणता येणार नाही. 'त्याने आंबा खाल्ला' व 'मी आंबा खाल्ला' ही वाक्ये आपण बिनचूक योजतो. परंतु दुसऱ्या वाक्यात 'ने' का नाही, हे व्याकरणाच्या अभ्यासावाचून सांगता येत नाही. उपयोजनाचे ज्ञान आणि नियमांचे ज्ञान या भिन्न गोष्टी होत. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत '/२६' हे उपजाल ६२ उपकरणांना पत्ते पुरविते, हा हिशेब कामावर साधनाकडून करून घेता येतो; परीक्षेत तो स्वतः करावा लागतो.

आक्षेप घ्यावयाचा तो पाठ्यपुस्तकांतील व्याकरणावर. त्यांतील विवेचन बहुधा १९८४ च्या 'ओएसआय' या सात थरांच्या आराखड्यापासून सुरू होते. परंतु इंटरनेट चालते ते टीसीपी-आयपी नियमांवर, आणि अर्पानेटने ते १९८३ च्या आरंभीच स्वीकारले होते. इंग्रजी व्याकरणाच्या साच्यात मराठी बसविण्याचे प्रयत्न ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाही.

तथापि हा साचा निरुपयोगी नव्हे. अपरिचित बिघाड उद्भवला असता दोष तारेत, पत्त्यात की अनुप्रयोगात, हे क्रमाने शोधण्यास थरांची कल्पनाच साहाय्य करते. तेथे केवळ सवय अपुरी पडते. म्हणून अनुभवी परीक्षार्थीने थरांची नावे घोकण्यापेक्षा आपण दुरुस्त केलेला प्रत्येक बिघाड त्या थरांत मांडून पाहावा. प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत संपली तरी हा अभ्यास त्याच्या उपयोगी पडेल.